पाणी कुठं जातं

रविवारी रात्रीच आठवडा आखून टाकला होता.
विषय : पानगळ.
तांबड्या-पिवळ्या कागदाची चाळीस पानं
कापून, प्लॅस्टिकमध्ये दाबून, चळत लावून ठेवली.
ऑर्कनीत झाडं जवळजवळ नाहीत, हे मला माहीत होतं;
वारा त्यांना उभंच राहू देत नाही.
पण तक्त्यावर ऑक्टोबरच्या चौकोनात
पानगळच लिहायची असते.

सोमवारी हात धुवायचं बेसिन तुंबलं.
सिगर्ड हेडल आला, ओले बूट दारात काढून
गुडघ्यांवर बसला, आणि खालचा वाकडा पाइप
इतक्या हळू सोडवला, जसा झोपलेल्या बाळाच्या
तोंडातून अंगठा काढावा.
आत निघाले वाटाणे, चमकी, एक बटण
आणि कुणाच्या तरी मोठ्या भावाचा दात.

एर्लंड पालथा पडला. वय चार वर्षं दोन महिने.
कान पाइपच्या तोंडाला.
"आत कुणीतरी गिळतंय."
मग शेजारी टॅम्सिन. मग टिमॉन,
ज्याला अजून फक्त पोलिश येतं,
पण पालथं पडायला भाषा लागत नाही.
माझी चाळीस पानं टेबलावर.
त्यांना इथला वारासुद्धा विचारेना.

"गिळलेलं पाणी कुठं जातं?"
उत्तर जिभेवर होतं,
वीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं.
ते मी गिळलं.
"बघू या का?"

बीट उकडलं, त्याचं लाल पाणी बेसिनमध्ये ओतलं
आणि रेनकोट घालत सगळे अंगणात धावले,
जाळीवर डोकी.
टॅम्सिननं आकडे मोजले, नेहमीसारखे पंधरा गाळून;
पाणी तरीही पोचलं.
लाल.
टिमॉन जे ओरडला ते मला कळलं नाही,
आणि कळलंच.

इथंच थांबायला हवं होतं.
पण त्या रात्री मी मोठा पुठ्ठा घेतला,
निळे बाण काढले, ठळक अक्षरांत लिहिलं :
'आमचा पाण्याचा प्रकल्प'.
सकाळी मुलांनी पाहिलं, आणि ती सील झाली;
पोटावर सरपटत कोपऱ्यात गेली, तासभर भुंकली.
मी त्यांचं कुतूहल उचललं होतं
आणि त्याला माझं आडनाव लावलं होतं.

पुठ्ठा कपाटामागे गेला.
जमिनीवर नुसती पन्हळी ठेवली, जुना नळीचा तुकडा,
तीन बादल्या. काही बोलले नाही.
हात मांडीखाली दाबून बसले,
हातांनाच सर्वांत जास्त जड गेलं.

मेरन ऑगस्टपासून शाळेत एक शब्द बोललेली नव्हती.
तिच्या फाइलीत मी लिहिलं होतं : 'शांत स्वभाव'.
तिनं नळीचं एक टोक माझ्या कानाला लावलं,
दुसऱ्या टोकातून म्हणाली,
"तुझ्या कानात केस आहेत."
बस. दुसऱ्या दिवशी पुन्हा गप्प.
मी तारीख लिहिली, वेळ लिहिली, दहा चाळीस,
आणि 'शांत स्वभाव'वर काट मारली.

कर्कवॉलहून तपासणीला बाई आल्या.
"नियोजन कुठाय?"
मी डाग पडलेला, खाडाखोडीचा कागद दिला.
कुठंतरी पाणी मुरतंय, अशा नजरेनं त्यांनी पाहिलं.
मुरतच होतं, तिसऱ्या बादलीखाली.
एर्लंडनं त्यांच्या हातात पन्हळीचं टोक दिलं,
"धर. हलू नकोस."
वरून टॅम्सिन एकेक पान सोडत होती,
माझी ती प्लॅस्टिकची पानं, बुडत नव्हती म्हणून.
बाई हलल्या नाहीत. हातमोजे भिजले.
चहा गार झाला, आणि अहवालात काय लिहिलं
ते अजून आलेलं नाही.

आज रविवार. साडेतीनलाच दिवे लावलेत.
शुक्रवारी एर्लंडनं पाइपकडं पाठ फिरवली.
तो आता कुलपात बघतो,
विचारतो, किल्ली आत गेल्यावर काय करते.
पुढच्या आठवड्याच्या चौकोनात
मी पेन्सिलीनं 'पाणी' लिहिलं होतं.
रबर शोधतेय.